लिलीची पानं लोळतायत? पाणी घालण्याआधी बुंधा तपासा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात घराच्या कुंपणाला लागून स्पायडर लिलीची जुनी रांग आहे. जुलै संपता संपता तिची पानं मध्येच मोडल्यासारखी वाकायला लागली, काही तर बुंध्यापासून आडवी झाली. गच्चीवरच्या कुंड्यांमधल्या ॲमरिलिसची पानंही पिवळी पडून लोळतायत. पाणी वाढवून पाहिलं, थोडा युरिया टाकला, नर्सरीतून आणलेलं बुरशीनाशक फवारलं. काही फरक नाही. आता काय करावं?

ताई, सगळ्यात आधी पाणी आणि युरिया दोन्ही थांबवा. पान खाली आलं की आपला हात आपोआप नळाकडे जातो. पण स्पायडर लिली, ॲमरिलिस, क्रायनम, फुटबॉल लिली या सगळ्या कंदवर्गीय. कांदा-लसणाच्याच कुळातल्या. त्यांचा पाण्याचा आणि अन्नाचा साठा मातीखाली कंदात असतो, त्यामुळे आठवडाभर पाणी नाही मिळालं तरी त्या माना टाकत नाहीत. भर पावसाळ्यात तर तहानेने पान लोळण्याचा प्रश्नच येत नाही. पावसात कंदवर्गीय झाडाची पानं पडली, तर एक तर कोणीतरी त्यांना आतून खातंय, नाहीतर खाली कंद किंवा मुळं सडतायत. दोन्हीत पाणी वाढवून उपयोग नाही, आणि दुसऱ्यात तर नुकसानच आहे.

तुमच्याकडे बहुतेक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. स्पायडर लिलीला अळी लागलीय आणि ॲमरिलिस सडतेय, असा माझा अंदाज. लक्षण एकसारखं दिसतं म्हणून दोघींना एकच औषध देऊन चालणार नाही. अंदाजावरही जाऊ नका. खाली सांगतो तसं तपासा, दहा मिनिटांत कळेल.

पान नेमकं कुठून वाकलंय ते आधी बघा. निदानाचं निम्मं काम तिथेच होतं. बाहेरच्या वळणातली एक-दोन जुनी पानं टोकाकडून पिवळी होत जमिनीला टेकली असतील आणि मधली कोवळी पानं ताठ असतील, तर तो रोग नाही. म्हातारी पानं अशीच जातात, ती कापून टाका. पान मध्येच मोडलं असेल आणि मोडलेल्या जागी पांढरट, कागदासारखा पट्टा असेल, तर अळी. मोडलेल्या जागी लाल-तपकिरी चट्टा असेल, तर बुरशीचा लाल करपा. पान बुंध्यापासूनच आडवं झालं असेल, तर त्याला हलकेच वर ओढून बघा. निरोगी पान तुटेल, पण सहज उपसून येणार नाही. हातात अलगद निघून आलं तर गडबड कंदाच्या मानेत आहे. मग निघालेल्या पानाचं खालचं टोक बघा आणि त्याचा वासही घ्या. काळे दाणे चिकटले असतील तर ती अळीची विष्ठा. बुळबुळीत आणि घाण वास असेल तर सड.

आता स्पायडर लिलीकडे येऊ. हे झाड मुळात मध्य अमेरिकेकडच्या दमट, किनारी भागातलं. पाणथळ जागा त्याला चालते. रस्त्याच्या दुभाजकात, गटाराच्या कडेला, सोसायटीच्या सर्वांत दुर्लक्षित कोपऱ्यात ते तग धरतं ते याच गुणामुळे. म्हणून पावसात स्पायडर लिलीची रांग झोपली की माझा पहिला संशय पाण्यावर जात नाही, अळीवर जातो.

ही लिलीवरची अळी दोन-तीन जातींची असते, पण बागेतल्या माणसाने लक्षात ठेवायची खूण साधी आहे: काळं किंवा काळपट अंग आणि त्यावर पांढरट-पिवळसर ठिपके किंवा पट्टे. एका जातीत लालसर डागही असतात. पावसाळा सुरू झाला की पतंगाची मादी रात्री पानावर, बहुतेक वेळा मागच्या बाजूला, पुंजक्याने अंडी घालते. अंड्यातून निघालेली बारीक पिल्लं पानावर बसून खात नाहीत, ती पानाच्या आत शिरतात. स्पायडर लिलीचं पान जाड आणि मांसल असतं. वरची साल आणि खालची साल तशीच ठेवून ही पिल्लं मधला गर खातात, तेही घोळक्याने. असं पान तोडून उजेडासमोर धरा. एरवी गडद हिरवं दिसणाऱ्या पानात अंगठ्याएवढी किंवा त्याहून लांब अशी फिकी, अर्धपारदर्शक खिडकी दिसेल, आणि तिच्यात काळ्या रेघांसारखी हलणारी पिल्लं आणि मोहरीहून बारीक काळे दाणे. गर गेला की पानाला उभं राहायला आधार उरत नाही, ते तिथेच मोडतं. तुम्ही लिहिलेलं ‘मध्येच मोडल्यासारखं’ याला तंतोतंत जुळतं.

फवारणीचा परिणाम का झाला नाही तेही यातून कळतं. बुरशीनाशकाने अळी मरत नाही, हे एक. दुसरं म्हणजे पिल्लं सालीच्या आत सुरक्षित बसलेली असतात, वरून मारलेलं बरंचसं औषध त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय या पानाला मेणचट थर असतो, साधं पाणी त्यावरून ओघळून जातं.

अळ्या मोठ्या झाल्या की बाहेर येतात आणि उघड्यावर पानं कुरतडतात. अन्न कमी पडलं की खाली सरकतात, पानांच्या बेचक्यातून मानेत, तिथून कंदात. हा टप्पा वाईट. एकदा कंद पोखरला गेला की त्यात पाणी साचतं, सड शिरते, आणि मग लोक म्हणतात की बुरशीने झाड गेलं. पूर्ण वाढलेली अळी मातीत उतरून कोष करते आणि त्यातून पुन्हा पतंग येतो. पावसाळ्यात हे चक्र साधारण महिनाभरात फिरतं, म्हणून एकदा साफसफाई करून भागत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण हमखास आहे. खिडकी दिसणारं प्रत्येक पान त्या जागेच्या बोटभर खालून कापा आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, अळ्या चालत बाहेर येतात. बाहेर फिरणाऱ्या मोठ्या अळ्या सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला हाताने वेचा. हातमोजे घाला. अळी चावत नाही, पण या झाडाच्या चिकाने बऱ्याच जणांना खाज सुटते. रांगेचा एखादा पट्टा फारच झोपला असेल तर पान-पान निवडत बसू नका, सगळी पानं जमिनीपासून वीतभर ठेवून सपाट कापून टाका. बघायला जीव होत नाही, पण कंद घट्ट असेल तर पावसाच्या ओलीवर काही आठवड्यांत नवी पानं येतात. माळ्याला सांगितलं की तो आधी ऐकत नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो. तरीही कापून घ्या.

कापणी झाल्यावर फवारणी करायची ती उरलेल्या आणि नव्याने निघणाऱ्या पिल्लांसाठी. बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसची पावडर, घरगुती बागेसाठी मला सर्वांत योग्य वाटते. ती फक्त अळीच्या पोटात गेल्यावर काम करते, माणसाला किंवा मधमाशीला तिचा त्रास नाही. प्रमाण पाकिटावर असेल तेच घ्या. फवारणी संध्याकाळी करा, कारण उन्हात ती लवकर निकामी होते. पावसाची उघडीप बघा आणि द्रावणात थोडं स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रव्य) किंवा पातळ साबण जरूर घाला, नाहीतर मेणचट पानावर थेंब टिकणार नाही. बीटी नाही मिळाली तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, साबणात नीट घोटून. तेल आणि पाणी वेगळं दिसत असेल तर ते फवारू नका, पानं भाजतात. यातलं काहीही एकदा मारून विसरायचं नाही. आठ-दहा दिवसांनी पुन्हा, आणि सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा रांगेवरून नजर फिरवायची. अंड्यांचा पुंजका सापडला की ते पान काढून टाकलं, एवढ्याने पुढची पलटण टळते. बुंध्याभोवतीची वरची दोन बोटं माती खुरप्याने हलवून घ्या. कोष उघडे पडले की साळुंक्या आणि भारद्वाज पुढचं काम करतात. त्या मातीत मूठ-मूठ निंबोळी पेंड मिसळली तर बरंच.

जहाल कीटकनाशक वापरू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. घराच्या कुंपणाला, जिथे मुलं आणि कुत्री-मांजरं फिरतात, तिथे मी ते सांगणार नाही. हाताने होणारं काम आहे.

एक फरक ध्यानात ठेवा. पानं कडेने ओबडधोबड खाल्लेली असतील, मातीवर आणि भिंतीवर चकाकणारा चिकट माग असेल, तर ती अळी नाही, गोगलगाय आहे. पावसाळ्यात मोठ्या शंखी गोगलगायी लिलीवर तुटून पडतात. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. उघड्या हाताने धरू नका. गोगलगायींसाठी मिळणाऱ्या विषारी गोळ्या घरात कुत्रं असेल तर अजिबात आणू नका.

आता ॲमरिलिस. हिची गोष्ट उलटी आहे. हिला निचरा लागतो, आणि गच्चीवरच्या कुंडीत जुलैचा पाऊस, त्यात तुम्ही वाढवलेलं पाणी, वर युरिया. कुंडीखाली ताटली असेल तर विचारायलाच नको. मुळं पाण्यात बुडून राहिली की त्यांना हवा मिळत नाही, ती मरतात, आणि मेलेली मुळं पाणी वर पाठवू शकत नाहीत. म्हणून माती चिखल असूनही पान तहानल्यासारखं लोळतं. आपण ते बघून आणखी पाणी घालतो. युरियाने पानं लांब आणि मऊ होतात, तीही आपल्याच वजनाने पडतात, आणि अशा लुसलुशीत पानांवर रोगही लवकर येतो.

कुंडी आडवी करा आणि माती सुटी करून कंद बाहेर काढा. भीती बाळगू नका, कंद काढल्याने मरत नाही, सडका कंद मातीत ठेवल्याने मरतो. मुळं पांढरी आणि भरीव असतील तर उत्तम. तपकिरी, पोकळ, चिमटीत धरल्यावर सालपट निसटून आत फक्त दोरा उरणारी मुळं मेलेली आहेत, ती कापा. मग कंद अंगठ्याने चारी बाजूंनी दाबून बघा. चांगल्या कांद्याएवढा घट्ट हवा. एखादी बाजू मऊ लागली तर वरची सालं सोलत जा, धारदार सुरीने सडका भाग कापा, आणि पांढरा स्वच्छ गर लागेपर्यंत कापत राहा. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसा. मुळं निघतात ती तळाची चकती शाबूत असेल तर अर्धा कंदही वाचतो. तळच गेला असेल, किंवा सगळा कंद लगदा होऊन दुर्गंधी येत असेल, तर ती बॅक्टेरियाची सड. त्यावर घरात करण्यासारखं काही नाही. मातीसकट फेका आणि कुंडी गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा.

वाचवलेला कंद लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळून त्यात अर्धा तास बुडवा, मग सावलीत, वारा लागेल अशा जागी दोन-तीन दिवस कापलेली जागा कोरडी होईपर्यंत ठेवा. रसायन नको असेल तर कापावर लाकडाची राख किंवा हळद चोळतात. किरकोळ सडीला ते पुरतं, खोलवर गेलेल्या सडीला नाही. ट्रायकोडर्मा हा चांगला पर्याय आहे, पण कार्बेन्डाझिम वापरल्यावर लगेच ट्रायकोडर्मा घालू नका. ती स्वतःच एक बुरशी आहे, बुरशीनाशक तिलाही मारतं. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग पेलाभर शेणखतात चमचाभर कालवून मातीत मिसळा.

पुन्हा लावताना जुनी माती वापरू नका. पुण्यात माती म्हणून जी पोती मिळतात त्यात काळी चिकण माती बरीच असते, कुंडीत ती वाळली की विटेसारखी आणि ओली झाली की चिखल. एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा विटेचा चुरा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. कोकोपीट पावसाळ्यात शक्यतो टाळा, ते पाणी धरून ठेवतं. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीच्या वर राहिला पाहिजे. मानेपर्यंत पुरला की बेचक्यात पाणी साचून पुन्हा तेच. मुळं फारच गेली असतील तर पानं अर्धी कापा, नाहीतर कंद आहे ते पाणी पानांवाटे घालवून बसतो. कुंडी पावसाच्या थेट माऱ्यातून काढून वळचणीला, पण उजेडात ठेवा. नवी मुळं धरेपर्यंत माती फक्त दमट ठेवायची. बोटाची दोन पेरं आत घालून कोरडी लागली तरच पाणी.

पानांवर किंवा फुलाच्या दांड्यावर लालभडक ते तपकिरी लांबट चट्टे असतील तर तो लाल करपा. ॲमरिलिसवर तो सर्रास येतो, स्पायडर लिली आणि क्रायनमवरही. चट्ट्याच्या बाजूची वाढ थांबते आणि पान तिथे तिरपं वळतं किंवा मोडतं. मात्र ॲमरिलिसला कुठेही जखम झाली, अगदी नख लागलं, तरी ती जागा लाल पडते. त्यामुळे एखाददुसरा लाल ठिपका बघून घाबरू नका, चट्टे वाढत आणि पसरत असतील तरच उपाय करा. रोगट पानं काढा, पाणी पानांवर न ओतता मातीत घाला, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, आणि उघडीप असताना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम घेऊन फवारा.

अजून एक रोग रांगेत दिसू शकतो, तो ओळखून ठेवा. बुंध्याशी, मातीला लागून, पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं आणि त्यात मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले तर ती मातीतली हट्टी बुरशी आहे. ते दाणे म्हणजे तिचं बियाणं समजा, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. ते झाड आजूबाजूच्या ओंजळ-दोन ओंजळ मातीसकट काढून पिशवीत बांधून फेका, खुरपं धुवा, आणि ती जागा मे महिन्यात ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिना-दीड महिना तापू द्या. तोवर तिथे दुसरी लिली लावू नका.

हे उत्तर वाचणाऱ्या सगळ्यांकडे याच दोन लिली असतील असं नाही. घरात ठेवतात ती पीस लिली कंदाची नाही, अळूच्या कुळातली आहे, आणि वर जे तहानेबद्दल म्हटलं त्याला सणसणीत अपवाद आहे. पाणी कमी पडलं की ती सगळी पानं एकदम खाली सोडते आणि पाणी दिलं की काही तासांत उभी राहते. पाणी देऊनही उभी राहिली नाही तर मुळं सडलीत. फुटबॉल लिलीची पानं थंडीच्या तोंडावर पिवळी पडून जातात, ती तिची झोप आहे. त्या वेळी पाणी देत राहाल तर कंद कुजेल. कुंडी कोरडी ठेवून बाजूला सारा, उन्हाळ्यात वळवाच्या सुमाराला ती आपणहून कोंब काढते. निशिगंधाची पानं जमिनीवर पसरतातच, त्याला काही करायचं नाही. नर्सरीतून कळीवर आणलेली ओरिएंटल किंवा एशियाटिक लिली फूल संपल्यावर खालून पानं टाकत जाते. तिच्या कंदाला पुन्हा फुलायला काही आठवड्यांची चांगली थंडी लागते, ती पुण्या-मुंबईत नैसर्गिकरीत्या मिळत नाही, त्यामुळे तिच्या पानांसाठी औषधांवर पैसे घालू नका. आणि घरात मांजर असेल तर ही लिली आणूच नका. तिची पानं, पाकळ्या, परागसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. डे लिलीचंही तेच.

पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका आणि मुंग्यांची ये-जा दिसली तर पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा, मग कडुनिंबाचं तेल.

तुमची रांग जुनी आहे म्हणालात, म्हणून एक काम दिवाळीनंतरसाठी सांगून ठेवतो. स्पायडर लिलीचे कंद दरवर्षी पिल्लं घालतात आणि काही वर्षांत इतकी दाटी होते की आत हवा खेळत नाही, ऊन पोचत नाही, पानं उजेडासाठी लांबत जातात आणि पडतात. अळीलाही अशी दाटी फार आवडते, कारण आत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही. पाऊस संपून माती वाफशावर आली, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी झाली, की एकाआड एक गड्डा कुदळीने उपटा, कंद वेगळे करा, पोखरलेले आणि मऊ टाका. उरलेले पानं निम्मी छाटून हातभर अंतरावर लावा, मान मातीच्या पातळीला ठेवून. तेव्हा शेणखत आणि थोडी राख द्या, युरिया नको. उरलेले कंद शेजाऱ्यांना देताना ते कांद्यासारखे दिसतात हे मात्र सांगून द्या. पोटात गेले तर उलट्या होतात, तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवू नका म्हणावं.